नोंदवहीचा खर्च : आतड्याच्या एका आजाराच्या जनुकशास्त्राचा इतिहास

१/
विदर्भातील ज्या कुटुंबांनी जात-पडताळणीसाठी तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना 'कोतवाल बुक' हा शब्द नवा नाही. गावातील जन्म-मृत्यूची ती जुनी वही. तिची नक्कल हाती आली की पणजोबांचे नाव, जात आणि तारीख सापडते. आज आपण तिला पुरावा म्हणून वापरतो. पण ती लिहिली गेली ती मात्र निराळ्याच कारणासाठी. या धाग्यात आपण त्या वहीपासून निघून एका आजाराच्या जनुकीय संशोधनापर्यंत जाणार आहोत. वाटेत एकच प्रश्न सोबत ठेवायचा आहे : नोंदी गोळा करून एकत्र सांभाळण्याचा खर्च कोण करतो, आणि त्या खर्चाने इतिहास कसा बदलतो?

२/
१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. मेहकर तालुका आणि त्यातील आमचे डोणगाव त्याच वऱ्हाडातले. नव्या राजवटीला लष्कर, कापूस आणि रेल्वे सांभाळायची होती; साथीच्या रोगांनी तिन्हींचे नुकसान होत असे. म्हणून मृत्यूंची मोजणी सुरू झाली आणि आरोग्य आयुक्तांचे वार्षिक अहवाल छापले जाऊ लागले. त्यांत मृत्यूच्या कारणांचे मोजकेच रकाने असत : पटकी, देवी, पुढे प्लेग, ताप, अतिसार-आमांश, श्वसनविकार, अपघात आणि 'इतर'. गावातील वर्दी देणारा माणूस वैद्य नव्हता. पोट बिघडून, झिजून, रक्त पडून जो कोणी गेला, तो 'अतिसार-आमांश' या एकाच रकान्यात गेला. सरकारला त्याहून बारीक माहितीची गरज नव्हती; म्हणून त्याहून बारीक माहितीवर खर्चही झाला नाही.

३/
त्याच काळात युरोपात या एका रकान्याचे तुकडे पडू लागले होते. १८५९ मध्ये लंडनच्या सॅम्युअल विल्क्स यांनी मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या एका आजाराचे वर्णन केले. त्यातून पुढे 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हे नाव रूढ झाले. १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यविशारद केनेडी डॅल्झील यांनी आतड्याच्या भिंती जाड होणाऱ्या रुग्णांविषयी लिहिले आणि गुरांमधील एका रोगाशी त्याचे साम्य दाखवले. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १४ रुग्णांवर निबंध प्रसिद्ध केला. लेखकांची नावे वर्णानुक्रमे होती, म्हणून आजाराला 'क्रोन्स' हे नाव चिकटले. रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे ए. ए. बर्ग यांनी लेखक म्हणून नाव देण्यास नकार दिला होता. दिले असते तर वर्णानुक्रमात ते पहिले आले असते. आजारांची नावेही कधी कधी अशा कारकुनी क्रमाने ठरतात.

४/
क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या दोहोंना मिळून 'आतड्यांचा दाहक आजार' म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयबीडी'. शरीराची संरक्षणयंत्रणा आतड्यावरच उलटते आणि दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो. जुलाब, रक्तस्राव, पोटदुखी, वजन घटणे ही त्याची लक्षणे. अनेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो.

भारतात आणखी एक गुंता आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स यांचे रूप इतके सारखे असते की दुर्बीण घालून, तुकडा तपासूनही तज्ज्ञांना पेच पडतो. क्षयाच्या देशात क्षयाचा संशय आधी घेणे स्वाभाविकच. त्यामुळे भारतातील अनेक क्रोन्स रुग्णांना खरे निदान होण्यापूर्वी क्षयाची औषधे मिळालेली असतात. जुना 'अतिसार-आमांश' रकाना कागदावरून गेला; पण दोन आजार एकाच नावाखाली जाण्याचा धोका दवाखान्यात अजूनही शिल्लक आहे.

५/
आता जनुकांकडे वळू. हा आजार काही कुटुंबांत पुन्हा पुन्हा दिसतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आले होते. पण एकाच घरातील माणसे एकच अन्न खातात, एकच पाणी पितात. मग दोष रक्ताचा की घराचा? याचे उत्तर शोधण्याचा जुना मार्ग म्हणजे जुळ्या भावंडांची तुलना.

१९८८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी असा अभ्यास प्रसिद्ध केला. एकबीज जुळ्यांच्या ज्या १८ जोड्यांत क्रोन्स होता, त्यांपैकी ८ जोड्यांत तो दोन्ही भावंडांना झालेला होता. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या १६ जोड्यांपैकी मात्र एकाच जोडीत तसे घडले होते. म्हणजे क्रोन्समध्ये वारशाचा वाटा मोठा, तरीही संपूर्ण नाही. हा अभ्यास स्वीडनमध्येच होऊ शकला याचे कारण उघड आहे : तेथे जुळ्यांची राष्ट्रीय नोंदवही आधीपासून होती आणि ती सांभाळली जात होती.

६/
वारसा आहे हे कळले, तरी कोणते जनुक हे शोधणे वेगळे काम. एकच जनुक बिघडून होणारे आजार थोड्या कुटुंबांतही पकडता येतात. आयबीडीत मात्र शेकडो जनुकीय फरक प्रत्येकी थोडाथोडा हातभार लावतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखादा फरक १०० रुग्णांपैकी ३० जणांत आणि १०० निरोगी माणसांपैकी २७ जणांत सापडला. तीनचा हा फरक निव्वळ योगायोगही असू शकतो. हेच प्रमाण १०,००० रुग्णांत आणि तितक्याच निरोगी माणसांत टिकले, तर त्याला योगायोग म्हणता येत नाही. परंतु १०,००० रुग्ण कोणत्याही एका रुग्णालयात नसतात. अनेक शहरांतील, अनेक देशांतील नोंदी एकत्र आणाव्या लागतात आणि त्या सर्वांनी 'क्रोन्स' या शब्दाचा अर्थ एकच धरावा लागतो. येथे प्रयोगशाळेइतकीच नोंदवही महत्त्वाची ठरते.

७/
जनुकीय नोंदी एका ठिकाणी आणण्याची ही कल्पना आयबीडीपेक्षा जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात मुंबईचे पान आहे.

१९४९ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळेशी संबंधित एल. डी. संघवी आणि वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या सात जनुकीय लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. जातीतल्या जातीत विवाह होत राहिल्याने शेजारी राहणाऱ्या गटांतही जनुकीय फरक टिकून राहतात, हे आकड्यांत मांडण्याचा हा आरंभीचा प्रयत्न होता. निबंध छापला गेला लंडनच्या नियतकालिकात.

१९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एका अपूर्व रक्तगटाची नोंद केली. आज जग त्याला 'बॉम्बे रक्तगट' म्हणते. त्या निबंधाच्या सहलेखकांत लंडनच्या लिस्टर संस्थेतील तज्ज्ञ होते.

८/
दोन्ही वेळा रक्त मुंबईचे आणि छापखाना लंडनचा. हा योगायोग नव्हता. त्याच १९५२ मध्ये लंडनच्या रॉयल अँथ्रोपॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये 'नफील्ड रक्तगट केंद्र' सुरू झाले. आर्थर मूरंट हे त्यामागचे शास्त्रज्ञ. जगभरातून आलेले रक्तगटांचे आकडे तपासणे, त्यांची गणिते करणे आणि ती तक्त्यांत मांडणे हे या केंद्राचे काम. पैसा नफील्ड फाउंडेशनचा, म्हणजे मोटारींच्या धंद्यातून उभ्या राहिलेल्या एका धर्मादाय निधीचा. मूरंट यांचा मानवी रक्तगटांच्या वितरणावरील जाडजूड ग्रंथ १९५४ मध्ये आला.

या केंद्रात नवा रक्तगट शोधला जात नव्हता. इतरांनी शोधलेले एका मांडणीत बसवले जात होते. पण म्हणूनच जगाच्या रक्ताचा नकाशा लंडनमध्ये तयार झाला. समन्वयाचा खर्च जेथे होतो, तेथेच नकाशा उमटतो. हे सूत्र लक्षात ठेवून आयबीडीकडे परत येऊ.

९/
१९९६ मध्ये फ्रान्समधील जाँ-पिएर उगो आणि सहकाऱ्यांनी क्रोन्सशी संबंधित एक जागा सोळाव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. काही गटांना ती सापडली, काहींना नाही. वाद मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय संघातील बारा केंद्रांनी सहाशेहून अधिक कुटुंबांची माहिती एकत्र केली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या एकत्रित विश्लेषणाने सोळाव्या गुणसूत्राचा पुरावा पक्का केला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले : एक फ्रान्समधील गटाचा, दुसरा अमेरिकेतील. दोघांनीही एकाच जनुकाकडे बोट दाखवले. त्याचे नाव 'एनओडी२'. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे ओळखून पेशीला सावध करणारे प्रथिन हे जनुक घडवते. गुंतागुंतीच्या सामान्य आजाराचे जनुक अशा रीतीने सापडणे ही त्या काळी मोठी घटना होती. पाठ्यपुस्तकांत हे दोन निबंध राहिले; बारा केंद्रांची एकत्र वही क्वचितच कोणाला आठवते.

१०/
यानंतरचा टप्पा थेट निधीचा आहे. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मधुमेह, पचनविकार व मूत्रपिंडविकार संस्थेने आयबीडी जनुकशास्त्र संघ स्थापन केला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे : सहा जनुकीय संशोधन केंद्रे आणि त्यांच्या जोडीला एक विदा-समन्वय केंद्र. ('विदा' म्हणजे डेटा.) अमेरिकेबरोबर कॅनडातील केंद्रेही त्यात होती.

नेहमीच्या अनुदानात पैसा शास्त्रज्ञाला मिळतो आणि सरकारी संस्था बाजूला होते. येथे 'सहकारी करार' हा प्रकार वापरला गेला : पैसा देणारी संस्था स्वतःही नियोजनात सहभागी राहते. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या सहा केंद्रांनी एकच नमुना-अर्ज भरावा, एकाच व्याख्या पाळाव्यात आणि नमुने सामायिक भांडारात द्यावेत, ही अट पैशाला बांधलेली होती.

११/
समन्वय केंद्र प्रत्यक्षात काय करते? आजार आतड्याच्या कोणत्या भागात आहे, कोणत्या वयात सुरू झाला, शस्त्रक्रिया झाली का, रुग्ण धूम्रपान करतो का, घरात आणखी कोणाला आहे का, हे सारे ठरावीक शब्दांत नोंदवण्याची पुस्तिका तयार करणे. ती वाचून वेगवेगळ्या शहरांतील माणसे सारखेच उत्तर लिहितात की नाही हे तपासणे. नावाच्या जागी क्रमांक देणे, नमुना आणि नोंद यांची जोडी तुटू न देणे. तीच व्यक्ती दोन केंद्रांत दोनदा मोजली गेली नाही ना, हे पाहणे. शेवटी, बाहेरच्या संशोधकाने मागणी केल्यास नियमानुसार विदा उपलब्ध करून देणे.

यातील एकाही कामावर बातमी होत नाही. म्हणूनच त्यासाठी पैसा मिळवणे अवघड. यंत्र विकत घेतले तर त्याचे उद्घाटन करता येते. वही नीट ठेवली तर काहीही घडत नाही, आणि काही न घडणे हेच तिचे यश असते.

१२/
फळ मात्र लवकर दिसले. २००६ च्या अखेरीस या संघाने 'सायन्स'मध्ये 'आयएल२३आर' या जनुकाविषयी निबंध प्रसिद्ध केला. पहिल्या टप्प्यात क्रोन्सचे सुमारे साडेपाचशे रुग्ण आणि तितक्याच निरोगी व्यक्ती होत्या. संख्या फार मोठी नव्हती. पण रुग्ण काळजीपूर्वक निवडलेले होते : ज्यांचा आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आहे असेच, आणि वांशिक पार्श्वभूमी शक्य तितकी सारखी असलेले. एकसमान नोंदी नसत्या तर ही निवडच करता आली नसती.

या जनुकाचा एक दुर्मीळ प्रकार आजारापासून संरक्षण देतो, असे दिसले. 'इंटरल्यूकिन-२३' हा दाहाचा संदेश अडवला तर रुग्णाला लाभ होईल, या विचाराला त्यातून बळ मिळाले. आज क्रोन्ससाठी वापरली जाणारी काही औषधे याच मार्गावर काम करतात; रिसान्किझुमॅबला अमेरिकेत २०२२ मध्ये क्रोन्ससाठी मान्यता मिळाली.

१३/
ब्रिटनमध्ये दुसरे प्रारूप उभे राहिले. वेलकम ट्रस्टच्या सुमारे ९० लाख पौंडांवर सात आजारांचा एकत्रित अभ्यास झाला. क्रोन्स त्यांपैकी एक. प्रत्येक आजाराचे सुमारे २,००० रुग्ण आणि सर्वांसाठी मिळून सामायिक ३,००० निरोगी व्यक्ती. निरोगी गट सामायिक ठेवल्याने खर्च वाचला. निबंध २००७ मध्ये आला.

मग निरनिराळ्या देशांच्या वह्या एकमेकींत मिसळू लागल्या आणि आकडा चढत गेला. २००८ मध्ये क्रोन्सशी संबंधित ३२ जनुकीय जागा, २०१० मध्ये ७१, आणि २०१२ मध्ये दोन्ही आजार मिळून १६३. या शेवटच्या अभ्यासात रुग्ण व निरोगी मिळून ७५,००० हून अधिक माणसांची माहिती होती. कोणत्याही एका शास्त्रज्ञाला आयुष्यभरात इतकी माणसे भेटणे शक्य नाही.

१४/
आता इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायचा प्रश्न : ही ७५,००० माणसे कोण होती? प्रामुख्याने युरोपीय वंशाची. पैसा तेथे होता, नोंदी तेथे होत्या, म्हणून माणसेही तेथलीच.

याचा परिणाम काय झाला ते 'एनओडी२'वरूनच पाहू. या जनुकाचे जे तीन प्रमुख बदल युरोपीय रुग्णांत सापडले होते, ते २००२ मध्ये जपानी रुग्णांत शोधले तेव्हा आढळले नाहीत. हैदराबाद आणि वेल्लोर येथील अभ्यासांतही भारतीय रुग्णांत ते जवळजवळ गैरहजर निघाले. म्हणजे त्या तीन बदलांवर आधारलेली चाचणी बुलढाण्यातील रुग्णाला फारशी उपयोगाची नाही. उलट जपानी संशोधकांनी स्वतःच्या रुग्णांची वही उघडली तेव्हा २००५ मध्ये त्यांना 'टीएनएफएसएफ१५' हे वेगळे जनुक मिळाले, आणि पुढे त्याचे महत्त्व युरोपीय रुग्णांतही सिद्ध झाले. आपली वही ठेवणारा केवळ स्वतःचा फायदा करत नाही. जगाच्या वहीत नसलेली ओळ तो भरतो.

१५/
भारतात काय झाले? हा आजार 'पाश्चात्त्यांचा' आहे, असे दीर्घकाळ मानले जात होते. लुधियानाचे डॉ. अजित सूद आणि सहकाऱ्यांनी पंजाबमध्ये घरोघरी जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखामागे ४४.३ निघाले. जुना समज या एका पाहणीने डळमळीत केला.

याच लुधियानाच्या रुग्णांच्या साहाय्याने दिल्ली विद्यापीठाच्या जनुकशास्त्र विभागातील बी. के. थेल्मा यांच्या गटाने उत्तर भारतीयांचा संपूर्ण-जनुकसंच अभ्यास केला. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे पाठबळ त्यामागे होते. २०१५ मध्ये त्यातून अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या तीन नव्या जागा पुढे आल्या. दरम्यान २०१२ मध्ये भारतीय पचनविकारतज्ज्ञांच्या संघटनेने देशभरातील रुग्णालयांतून एक हजाराहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून प्रसिद्ध केली होती.

१६/
२०१५ मध्येच आंतरराष्ट्रीय संघाचा एक मोठा अभ्यास आला. त्यात ८६,६४० युरोपीय वंशाच्या व्यक्ती होत्या. पूर्व आशियाई, भारतीय आणि इराणी मिळून ९,८४६. जगाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या आशियात, आणि वहीत ती दहांत एक. तरीही या थोड्या नोंदींमुळे फरक पडला. ३८ नव्या जागा सापडल्या. बहुतेक जनुकीय जागा सर्व मानवसमूहांत सामायिक आहेत, पण काहींचा प्रभाव आणि प्रमाण वेगवेगळे आहे, हे स्पष्ट झाले.

आपल्या मराठी मुलखासाठी यातली गोष्ट आणखी बारीक आहे. 'उत्तर भारतीय' म्हणजे 'भारतीय' नव्हे. संघवी-खानोलकरांनी १९४९ मध्ये एकाच शहरातील सहा गटांत जे दाखवले, ते खरे असेल तर लुधियानाची वही वऱ्हाडच्या वतीने बोलू शकत नाही.

१७/
येथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या देशात क्षयरोग अजून संपलेला नाही, त्याने आयबीडीच्या जनुकांवर पैसा का घालवावा?

पहिले उत्तर हिशेबाचे. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५.८६ लाख. पंजाबचा दर येथे जसाच्या तसा लागू होईल असा दावा नाही; पण तो धरला, तर अल्सरेटिव्ह कोलायटिसचेच सुमारे अकराशे रुग्ण एका जिल्ह्यात होतात. हा आकडा नगण्य नव्हे.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. क्षय आणि क्रोन्स यांचा पेच पाश्चात्त्य देशांत क्वचित पडतो, म्हणून त्यांच्या वहीत तो रकानाच ठळक नाही. तो सोडवायचा असेल तर ज्या देशात दोन्ही आजार शेजारी नांदतात, त्यानेच नोंदी ठेवायला हव्यात. क्षयाचे काम आणि आयबीडीची नोंद येथे एकमेकांच्या आड येत नाहीत. एकाच रुग्णाच्या उपचारात त्या भेटतात.

१८/
'खेड्यांत अशा नोंदी टिकत नाहीत' असेही म्हटले जाते. त्याला महाराष्ट्रानेच उत्तर दिलेले आहे. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू केली. १९८१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम आखला आणि नोंदणीला कायमचा आधार मिळाला. १९८७ पासून बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांतील तीनशेहून अधिक गावांत ग्रामीण नोंदणी चालू झाली.

गावात प्रयोगशाळा नव्हती, मृत्यूचे दाखले अपुरे होते. म्हणून कार्यकर्ते ठरावीक काळाने गावोगाव फिरत, माणसांशी बोलत, संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयापर्यंत आणत. हेतू मोजण्याचा होता. पण बोलण्यातून लक्षणे लोकांना कळू लागली, आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. हे निष्कर्ष १९९० च्या दशकात प्रसिद्ध झाले. मोजणीवरचा खर्च उपचारालाही उपयोगी पडला.

१९/
जनुकीय विदेसाठी आज देशात घर आहे. फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्राचे उद्घाटन २०२२ मध्ये झाले. जैवतंत्रज्ञान विभागाच्या निधीवर २० संस्थांनी मिळून केलेल्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांचे जनुकसंच तेथे ठेवले असून जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांना खुले करण्यात आले. सरकारी पैशातून निर्माण झालेली विदा सामायिक व्हावी, यासाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वेही आली.

ही मोठी पायरी आहे; पण ती एका विशिष्ट आजाराची वही नव्हे. कोणत्या फरकाने आतड्याला सूज येते हे कळण्यासाठी जनुकसंचाशेजारी रुग्णाची वर्षानुवर्षांची नोंद हवी : निदान कधी, औषध कोणते, गुण आला का. ती लिहिण्यासाठी रुग्णालयात पगारी माणूस हवा. प्रकल्प तीन वर्षांनी संपतो आणि त्या माणसाची नेमणूकही. आजार मात्र रुग्णाला जन्मभर सोबत करतो.

२०/
आणि वही कोणाची, हा प्रश्न उरतोच. कोतवाल बुकात नाव घालताना कोणी गावकऱ्याची परवानगी विचारली नव्हती. त्यातील जातीचा रकाना राज्यकर्त्यांच्या सोयीचा होता. शंभर वर्षांनी तोच कोणाच्या हक्काचा आधार ठरेल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. जनुकीय नोंदीही अशाच अनपेक्षित कामांसाठी वापरल्या जाऊ शकतात, चांगल्या आणि वाईटही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता यांवर भर आहे, तो याच कारणासाठी. जो रक्त देतो त्याला ते कशासाठी, किती काळ आणि कोणाच्या ताब्यात राहील हे त्याच्या भाषेत कळले पाहिजे. समन्वय केंद्राच्या खर्चात या समजावून सांगण्याचाही खर्च धरला गेला पाहिजे.

२१/
इतिहासाच्या अभ्यासकांना एक सवय सुचवतो. कोणत्याही वैज्ञानिक शोधाची बातमी वाचली की मूळ निबंधाच्या अखेरचा 'आभार व निधी' हा बारीक टायपातील परिच्छेद उघडा. पैसा कोणी दिला, किती केंद्रांनी नोंदी दिल्या, त्या कोणाच्या लोकांच्या होत्या, विदा आता कोठे आहे. आपण ताम्रपटात दान कोणी, कोणाला आणि कोणत्या अटींवर दिले हे वाचतो. त्याच नजरेने हा परिच्छेद वाचता येतो. तेथे शोधाची अर्थव्यवस्था सापडते आणि शोधाबाहेर कोण राहिले तेही कळते.

२२/
सारांश इतकाच. १९३२ च्या १४ रुग्णांपासून २०१२ च्या ७५,००० माणसांपर्यंतचा प्रवास केवळ प्रतिभेने झाला नाही. कोणीतरी दर वर्षी व्याख्या जुळवणाऱ्या, क्रमांक तपासणाऱ्या आणि नोंदी सांभाळणाऱ्या माणसांचे पगार दिले. ज्यांनी ते दिले, त्यांच्या लोकांचे आजार आधी उलगडले. बार्शीच्या गावांत हा खर्च झाला, तेव्हा आपल्याकडेही तसेच घडले. आतड्याच्या आजारात ते अजून व्हायचे आहे.

तुमच्या गावातील किंवा तालुक्यातील जुन्या आरोग्यनोंदी, मृत्यूपत्रके, दवाखान्याची रजिस्टरे कोणाच्या पाहण्यात असतील तर त्यांचा काळ आणि त्यांतील आजारांची नावे खाली जरूर लिहा. व्यक्तींची नावे मात्र लिहू नका. पुढील धागा वऱ्हाडातील पटकीच्या साथींवर.